लाल ठिपक्याचा दुखवटा

वेलिका द्रागनेवा ही बाई कुणाशी गोड बोलली असेल तर ती फक्त बॅटरीशी. माणसांच्या वाट्याला तिचा राग यायचा.

हास्कोवो गावाच्या बाजारामागच्या गल्लीत स्विलेनचं दुकान. पुढच्या काउंटरवर स्विलेन वाफ ओढायची यंत्रं विकायचा, वेप म्हणतात ती. त्यांत भरायचे आंब्याचे, पुदिन्याचे, तंबाखूच्या वासाचे अर्क विकायचा आणि गिऱ्हाइकाशी हसून बोलायचा. मग गिऱ्हाईक बॅटऱ्या घेऊन मागच्या कोपऱ्यात यायचं. तिथे वर फरशी बसवलेलं एक टेबल, टेबलाशेजारी वाळूची बादली आणि टेबलामागे वेलिका. तिथे हसणं संपायचं.

"खिसे उलटे कर," हे तिचं पहिलं वाक्य.

माणूस खिसे उलटे करायचा. किल्ल्या, सुटी नाणी, आणि त्यांच्यात लोळणारी एक उघडी बॅटरी. वेलिका ती दोन बोटांत उचलून त्याच्या नाकासमोर धरायची. घराची किल्ली आणि ही एका खिशात, दोन्ही टोकांना किल्ली चिकटली की मांडीवर चूल पेटली म्हणून समज, असं ऐकवायची. वर विचारायची, बायकोनं असं काय वाकडं केलंय की घरात पोरंबाळं नको झालीत तुला? मोठे मोठे ट्रक हाकणारे गडी तिच्यासमोर शाळेतल्या पोरांसारखे उभे राहायचे. सरहद्दीचा नाका इथून तासाभरावर. खिसे उलटे करायची सवय इथल्या माणसाला आहेच. त्यामुळे तिचं नाव पडलं जकातवाली. तिच्या तोंडावर कुणी म्हणत नसे, पण तिला ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

तिची तपासणी म्हणजे काय, तर आधी ती बॅटरीची साल बघायची. बॅटरीवर जी रंगीत प्लास्टिकची पातळ साल असते ती कुठे फाटली आहे का, वरच्या टोकाखालची पांढरी चकती जागेवर आहे का. नखाएवढी जरी साल फाटली असेल तरी ती बॅटरी चार्जरमध्ये जायची नाही. आधी नवी साल चढवायची, गरम हवेनं आकसून बसवायची, मग पुढचं. नंतर ती विजेचा दाब मोजायची. अडीच व्होल्टच्या खाली गेलेली बॅटरी म्हणजे तिच्या लेखी मढं. लोक म्हणायचे, मावशी, चार्ज करून तर बघ, उठेल. ती म्हणायची, उठेल की, घर पेटवायलाच उठेल. आणि टोकांना चिकटपट्टी लावून बॅटरी वाळूत.

दाब ठीक असला की पूर्ण भरायची, चार पूर्णांक दोन व्होल्टपर्यंत, सावकाश, एका अँपिअरनं. भरताना दर थोड्या वेळानं पोरीचा ताप बघावा तशी उलट्या हातानं चाचपायची. कोमट चालेल, चटका बसता कामा नये. मग तपासणीच्या यंत्रात घालून रिकामी करायची, म्हणजे पोटात खरोखर किती मावतं ते कळतं. आणि शेवटी आत विजेला होणारा अडथळा मोजायची. तो वाढला की समजायचं, बॅटरी म्हातारी झाली. जोरात वाफ ओढायला गेलास तर तापेल आणि फुटेल. यंत्र दोन बॅटऱ्यांचं असेल तर ती त्या दोघींचं लग्न लावायची. सालीवर जोडीचा आकडा घालायचा. एकत्र भरायच्या, एकत्र वापरायच्या, एकत्र टाकायच्या. नवी नवरी म्हाताऱ्या नवऱ्याबरोबर नांदवायची नाही, असं ती सांगायची. झोपताना चार्जर लावायचा नाही, उशीजवळ, गादीवर, गाडीच्या सीटवर नाही. लावायचा तर फरशीवर, आणि आपण त्याच खोलीत.

एवढ्या सगळ्यातून जी बॅटरी पार पडेल तिच्या सपाट बुडाच्या कडेला ती नेलपॉलिशचा लाल ठिपका द्यायची. तांदळाच्या दाण्याएवढा. स्वतःच्या नखांना तिनं आयुष्यात रंग लावला नाही, पण बाटली कायम टेबलावर. पाच वर्षांत तो ठिपका गावभर झाला. लोक दुकानात येऊन बॅटरी मागायचे नाहीत, ठिपक्याची द्या म्हणायचे.

तंबाखूशी तिचं जुनं वैर. आई, बाप, भाऊ सगळे तंबाखूत. उजाडायच्या आत पानं खुडायची, दुपारभर सुईत ओवायची. हातांना बसलेला काळा डिंक कच्च्या टोमॅटोनं घासून काढायचा, तरी शाळेत मास्तर हात बघून म्हणायचे, आलं तंबाखूचं पीक. तिनं स्वतः कधी ओढली नाही. तंबाखूनं आमचे हात खाल्ले, फुफ्फुसं कशाला देऊ, असं म्हणायची. विसाव्या वर्षी ती बॅटऱ्यांच्या कारखान्यात लागली, तपासणीच्या टेबलावर. शेजारी नेवेना, पुढे हीच स्विलेनची आई. दोघींनी बारा वर्षं एका डब्यातलं चीज आणि मिरच्या खाल्ल्या.

अठ्ठ्याऐंशी सालच्या डिसेंबरात, वर्षाचा ठरलेला आकडा भरायला चार दिवस उरले असताना साहेब खाली आले. खाणकामगारांच्या दिव्यांच्या बॅटऱ्यांची खोकी आली होती, तपासायला वेळ नव्हता. साहेबांनी शिक्का नेवेनापुढे सरकवला. नेवेनानं हात पदराआड घ्यावा तसा मागे घेतला. साहेबांनी शिक्का वेलिकापुढे सरकवला, आणि वेलिकानं मारला. सत्तावीस खोकी. एकही न उघडता. जानेवारीत नेवेनाला गोदामात झाडूवर पाठवलं. वेलिका टेबलावर राहिली. त्या दिव्यांचं खाली खाणीत काय झालं, पेटले का विझले, हे तिला कधीच कळलं नाही. विचारणार कुणाला? चार वर्षांनी कारखानाच गेला, साहेब गेले, कागद रद्दीत गेले. नंतर तिनं ग्रीसमध्ये म्हाताऱ्याकोताऱ्यांची दुखणी काढली, नवरा पुरला, परत आली. पण सत्तावीस खोकी तिच्याबरोबर हिंडत राहिली. तिचा राग लोकांना चढेलपणा वाटायचा. तो राग कुणावर होता हे नेवेनाला तेवढं माहीत होतं, आणि नेवेनानं ते मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

मग स्विलेननं दुकान काढलं आणि आईची मैत्रीण म्हणून तिला टेबल दिलं. तिनं टेबलावर फरशी बसवून घेतली आणि पहिल्याच दिवशी त्याला सांगितलं, माझ्या हाताखालून न गेलेली बॅटरी या दारातून बाहेर जाणार नाही. तो हसून हो म्हणाला.

दर ऑगस्टला ती तीन आठवडे भावाकडे गावी जायची. भावाची पाठ मोडली होती आणि पानं तर ओवायलाच हवीत. त्या वर्षीही गेली. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात काळ्या बोटांनी परत आली. गावात सगळीकडे मिरच्या भाजल्या जात होत्या. प्रत्येक इमारतीच्या पायरीशी बाया, पोती आणि तो करपट गोड वास. चार दिवसांनी तिच्या टेबलासमोर गिंका येऊन उभी राहिली.

गिंकाचा नवरा रादोय बस चालवायचा. वेलिकाचं सगळ्यात आज्ञाधारक गिऱ्हाईक. बॅटऱ्यांसाठी प्लास्टिकची डबी ठेवणारा, लग्न लावलेली जोडी न मोडणारा, चार्जर लावला की खुर्ची घेऊन समोर बसणारा. गिंकानं पिशवीतून चटणीची काचेची बरणी काढली आणि फरशीवर ठेवली. आत एक काळीठिक्कर बॅटरी होती, वरचं तोंड फुटलेलं, पोटातलं बाहेर आलेलं. दुसरी, तिची जोडीदारीण, अर्धी साल वितळलेली. तिच्या बुडाला लाल ठिपका होता.

"ओळखतीस का?" गिंका म्हणाली.

वेलिकानं चष्मा लावला. गिंका सांगत गेली. परवा डेपोच्या बाकड्यावर बसला होता, पाळी सुरू व्हायला पंधरा मिनिटं होती. दोनदा ओढलं. यंत्र तापलं म्हणून मांडीवर ठेवलं. पुढचं त्याला आठवत नाही, डेपोतल्या लोकांनी पाणी ओतलं. मांडीची कातडी पॅन्टला चिकटून निघाली, उजव्या हाताची दोन बोटं गेल्यातच जमा. गिअर कसा टाकणार?

"त्यानं काय चुकवलं?" गिंकानं विचारलं. आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्त लागलं. "तू सांगितलंस तसंच करत आलाय. मी म्हटलं, बया, हा आईचं ऐकत न्हाई, बायकोचं ऐकत न्हाई, त्या जकातवालीचं ऐकतो. आता सांग, काय चुकवलं त्यानं?"

"हा ठिपका माझा नाही," वेलिका म्हणाली.

"मग कुणाचा? माझ्या सासूचा?"

वेलिकानं वितळलेली साल चिमट्यानं सोलली. खाली दुसरी साल होती, जुनी, फिकट हिरवी. तीही सोलली. उघड्या बुडावर दोन बारीक टोचे होते, एकमेकांशेजारी, सापानं चावल्यासारखे. ते बघून तिला पुढचं सगळं कळलं. जुन्या लॅपटॉपच्या पोटात बॅटऱ्या पत्र्याच्या पट्टीनं एकमेकींना जोडतात, तो टाका उपटला की असे टोचे राहतात. कुणीतरी भंगारातल्या लॅपटॉपच्या म्हाताऱ्या बॅटऱ्या काढून त्यांना नव्या साली चढवल्या होत्या. सालीवर छापलं होतं, साठवण चार हजार आणि जोर चाळीस अँपिअर. या मापाच्या बॅटरीत इतकं मावत नाही आणि इतकं झेपत नाही, आणि दोन्ही एकदम तर नाहीच. वजन मात्र बरोबर भरणार, कारण माल खराच होता. फक्त थकलेला. पंचवीस अँपिअर मागणाऱ्या यंत्रात या बॅटऱ्या घालणं म्हणजे मरायला टेकलेल्या बैलाला चढावर गाडी ओढायला जुंपणं.

तिनं उठून काउंटरचा खण उघडला. स्विलेन "मावशी, ते माझं आहे" म्हणेपर्यंत तिच्या हातात नेलपॉलिशची बाटली होती. त्याच्या बायकोची असणार. लालपेक्षा गुलाबीकडे झुकणारी. खणात खाली पुठ्ठ्याचं खोकं होतं आणि त्यात अशाच चाळीस बॅटऱ्या. अजून ठिपका न दिलेल्या.

"दोनशेचं खोकं आहे हे," वेलिका म्हणाली. "बाकीच्या एकशे साठ कुठे आहेत?"

स्विलेननं दोन्ही हात वर केले. तू नव्हतीस, तीन आठवडे, आणि लोक ठिपका मागतात; ठिपका नाही म्हटलं की परत जातात. विकणारा ओळखीचा होता, माल नवा दिसत होता. तिनं यंत्रावर लावायचं शिकवलं होतं, पण एकशे साठ बॅटऱ्या एकेक करून रिकाम्या करायला महिना लागतो. हे सगळं तो सांगत होता तेव्हा गिंका मधोमध उभी होती, हे त्याच्या लक्षातच राहिलं नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "ठिपकाच तर आहे, मावशी."

गिंकानं बरणी उचलली आणि निघून गेली. दार आपटलं नाही.

मग वेलिकानं त्याला सांगितलं की एकशे साठ बॅटऱ्या परत यायला हव्यात, एकूण एक, आणि आजपासून. गिंकाच्या दोन आल्या, उरल्या एकशे अठ्ठावन्न. स्विलेन म्हणाला कुणाला दिल्या ते आठवत नाही. चाळीस-पन्नास माणसं असतील, काही तर गावाबाहेरची. काचेवर सूचना लावू, छोटीशी. वेलिकानं काचेकडे बोट केलं. तिथे आधीच्या सात सूचना होत्या, तिनंच लिहिलेल्या, साल फाटली तर वापरू नका वगैरे. त्यातली एक तरी कुणी वाचली होती का? पेपरात द्यावं म्हटलं तर स्विलेनचा चेहरा पडला. दुकान बसेल, खटला होईल, दोन लेकरं आहेत. एका माणसाचं झालं, वाईट झालं, आपण त्याच्या औषधपाण्याचं बघू. पण उरलेल्या कदाचित काही करणारही नाहीत. सगळ्याच फुटतात असं थोडंच आहे?

"आई असती तर तिनं तुला समजावलं असतं," तो म्हणाला.

ही चूक त्यानं करायला नको होती. वेलिका इतका वेळ ओरडत होती. आता एकदम हळू आवाजात बोलली.

"तुझी आई माझ्या शेजारी बसायची. साहेबानं शिक्का आधी तिच्यापुढे ठेवला होता. तिनं हात मागे घेतला, म्हणून झाडूवर गेली, आणि तुझ्या लहानपणी तुझ्या घरात मांस शिजायचं नाही ते त्यामुळे. शिक्का मी मारला. तिनं तुला हे कधी सांगितलं नाही, कारण ती माणूस होती. तू तिच्यावर नाही गेलास, स्विलेन. तू माझ्यावर गेलायस. म्हणून तुझं थोबाड बघवत नाही मला."

तिनं तपासणीचं यंत्र, चिमटा आणि वजनकाटा पिशवीत भरला, खणातल्या चाळीस बॅटऱ्या वाळूच्या बादलीत पुरल्या आणि बादली उचलून घरी निघाली. सत्तर पावलांवर दम लागला म्हणून चर्चच्या भिंतीशी थांबली. राग कुणावर काढावा कळेना. स्विलेन तर होताच. पण चढ चढताना दुसरंच टोचत होतं. रादोयनं बॅटरी बघितलीच नव्हती. बघितली असती तर दोन साली एकावर एक बसल्यात, अक्षरं पुसट आहेत, आकडा अशक्य आहे, हे त्याच्यासारख्या माणसाला कळलं असतं. त्यानं ठिपका बघितला. पाच वर्षं शिव्या देऊन तिनं गावाला बॅटरी बघायला शिकवलंच नव्हतं. ठिपका बघायला शिकवलं होतं. शिक्का दिसला की खोकं उघडायचं नाही, हेच. तिनं स्वतःला एक शिवी घातली, आईनं तंबाखूच्या शेतात घातलेली, फार जुनी.

आणि मान वर केली तर समोर भिंतीवर दुखवट्याचे कागद. कुणाचे नवे, कुणाचे चाळिसाव्या दिवसाचे, कुणाचे वर्षश्राद्धाचे. काळी चौकट, फोटो, नाव. एक बाई मिरच्यांची पिशवी खाली ठेवून एकेक कागद वाचत होती, अगदी खालच्या ओळीपर्यंत, शोकाकुल कोण कोण ते सुद्धा. वाचून झालं तशी क्रूस करून पुढे गेली. तिच्या मागून आलेला म्हाताराही थांबला. त्याच्या मागून शाळेतल्या दोन पोरी.

या गावात माणूस पाटी वाचत नाही, औषधावरची चिठ्ठी वाचत नाही, कोर्टाचं समन्ससुद्धा वहिनीकडून वाचून घेतो. पण दुखवट्याचा कागद वाचल्याशिवाय पुढे जात नाही.

छापणारा अनास्तास दवाखान्याच्या रस्त्यावर बसायचा. त्यानं आधी डोक्यावरची टोपी काढली, कोण गेलं विचारलं. वेलिकानं आपलं ओळखपत्र पुढे केलं, हाच फोटो लाव म्हणाली. अनास्तासनं टोपी परत घातली. जिवंत माणसाचा कागद तो छापत नाही, त्याच्या बापानं छापला नाही. अपशकुन आहे, आणि तुझं काही बरंवाईट झालं तर लोक मला धरतील. तिनं मजकूर वाचून दाखवला. अनास्तासचे दात दिसले. पण मान काही हलेना.

"तुझ्या पोराच्या खिशात काय असतं रे?" वेलिकानं विचारलं.

अनास्तासनं मागच्या खोलीतल्या पोराला हाक मारली, खिसे उलटे कर म्हणाला. यंत्र निघालं. त्यातून बॅटरी निघाली. बुडाला गुलाबीसर ठिपका. अनास्तासनं ती बॅटरी अशी टेबलावर ठेवली जशी विंचू ठेवावा, आणि कागद किती लागतील विचारलं.

कागदावर काळी चौकट होती, फोटो वेलिकाचा होता, डोळे वटारलेला, कारण ओळखपत्राच्या फोटोतही ती कुणावर तरी चिडलेली होती. खाली लिहिलं होतं:

"दुःखानं आणि संतापानं कळवतो की वेलिका द्रागनेवाचा लाल ठिपका, वय वर्षं पाच, ऑगस्टमध्ये खोटेपणाच्या रोगानं वारला. त्याच्यावर विश्वास ठेवलेल्या रादोय चालकाची मांडी आणि दोन बोटं जळाली. स्विलेनच्या दुकानातून ऑगस्टपासून आजवर ठिपक्याची बॅटरी घेतलेल्यांनी ती यंत्रातून काढावी. पुन्हा भरू नये. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून, डब्यात वाळू घालून, झाकण न लावता वेलिकाच्या गॅरेजात आणावी. यापुढे कुणाच्याही ठिपक्यावर विश्वास ठेवू नये, तिच्यासुद्धा. शोकाकुल: शिक्का मारणारी."

तिनं स्वतः खळ लावून साठ कागद चिकटवले. बस थांब्यावर, बेकरीवर, डेपोच्या फाटकावर, चर्चच्या भिंतीवर, टेकडीवर चढणाऱ्या जिन्यावर, आपल्या इमारतीच्या दारावर. शेवटचा स्विलेनच्या दुकानाच्या दारावर, हँडलच्या वर, नजरेच्या रेषेत.

पहिले दोन तास जे झालं ते तिनं हिशेबात धरलं नव्हतं. लोक फोटो बघून थेट फुलं घ्यायला पळाले. खालचा मजकूर वाचला तो फुलं घेतल्यावर. तिच्या गॅरेजासमोर माणसं चार-चार, सहा-सहा कार्नेशन घेऊन उभी, मेलेल्याला द्यायची तशी सम संख्येत, आणि मेलेली बाई दारात बाह्या सरसावून उभी. गावाकडून भावाचा फोन आला, रडत होता, आणि हिचा आवाज ऐकून आणखी रडला, मग शिव्या द्यायला लागला. शेजारची बाई म्हणाली, वेलिके, आम्ही किती चांगलं बोललो तुझ्याबद्दल, आता ते परत कसं घ्यायचं?

"फुलं तिथे ठेव," वेलिका प्रत्येकाला म्हणायची. "बॅटरी कुठाय?"

आणि बॅटऱ्या यायला लागल्या. वाळूच्या डब्यात, स्वयंपाकघरातल्या वाटीत, एकानं मांजराच्या मुतारीतल्या वाळूत आणल्या. ती त्या स्वतः घेत नव्हती. माणसाच्या हातात भिंग द्यायची आणि सांगायची, बघ. काय दिसतं? त्याला दोन साली दिसेपर्यंत, बुडाचे टोचे दिसेपर्यंत तिथेच उभा करायची. कुणी म्हणालं, मावशी, तूच बघ ना, तुला कळतं. तर ती इतकी पेटायची की तो माणूस भिंग डोळ्याला लावूनच बोलायचा.

स्विलेन दुपारी दुकानाच्या दाराशी आला तेव्हा समोरच्या फुटपाथवर दहा-बारा माणसं होती. त्यानं नख घालून कागदाचा कोपरा उचलला.

"ए," मिरच्या भाजत बसलेली एक म्हातारी म्हणाली. ती उठलीसुद्धा नाही. "दुखवट्याचा कागद फाडतोस?"

"ती मेलेली नाही, आजी. जिवंत आहे ती."

"मग कागद खोटा आहे का?"

स्विलेननं वळून फुटपाथवरच्या माणसांकडे पाहिलं.

"वाचलाय मी," म्हातारी म्हणाली आणि मिरची उलटली. "दोनदा. खोटं असेल तर फाड."

तो कोपरा तसाच उचललेला राहिला, पुढे पाऊस येऊन कागद आपोआप गळेपर्यंत. या गावात दुखवट्याचा कागद हातानं फाडलेला कुणी पाहिला नाही, आणि स्विलेनला तसा पहिला होता आलं नाही. त्याच्या दुकानातली गर्दी ओसरली. दुकान बंद मात्र झालं नाही. वाफ ओढणारे वाफ ओढतच राहिले, फक्त आता काउंटरवर बॅटरी उलटी करून नखानं साल चाचपायला लागले. स्विलेन त्यांना थांबवू शकत नव्हता.

महिन्यात एकशे चाळीसच्या आसपास आल्या. मग ओघ आटला. चाळिसाव्या दिवशी वेलिकानं रिवाजाप्रमाणे नवा कागद लावला, तोच फोटो, आणि खाली मोठ्या आकड्यात: अजून एकोणीस. गॅरेजासमोर मोठ्या पातेल्यात उकडलेला गहू, साखर आणि अक्रोड घातलेला. येणाऱ्या प्रत्येकाला ती वाटीत गहू द्यायची, आणि माणूस सवयीनं मेलेल्यासाठी म्हणतात तसं म्हणायचा, देव क्षमा करो.

रादोय आला, गिंकाचा हात धरून, लंगडत. दोन बोटं कापावी लागली होती. बस चालवणं सुटलं होतं, डेपोत त्याला तिकिटांच्या खिडकीत बसवलं होतं. त्यानं गहू घेतला नाही. त्यानं बादलीतल्या बॅटऱ्यांकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "तू सांगितलेलं सगळं केलं मी."

"माहीत आहे," वेलिका म्हणाली. "ठिपका माझा होता. स्विलेननं दिला, पण माझा होता."

गिंकानं दोन वाट्या घेतल्या आणि एक त्याच्या डाव्या हातात दिली. देव क्षमा करो असं ती म्हणाली नाही, पण गहू खाल्ला.

पातेलं तळाला आलं तेव्हा स्विलेन गल्लीच्या तोंडाशी दिसला. हातात रंगाचा डबा, वाळूनं भरलेला, झाकण नसलेला. लोक बाजूला झाले. त्यानं डबा तिच्या पायाशी ठेवला. आठ होत्या. मेव्हण्याला दिल्या होत्या, तो खेड्यातल्या बाजारात टपरी लावतो. त्यानं लपवल्या, आज जाऊन भांडून आणल्या. त्याच्या गालावर ओरखडा होता. वेलिकानं भिंग पुढे केलं. त्यानं आठही बॅटऱ्या एकेक करून बघितल्या, साल सोलली, टोचे दाखवले. नवीन काही नव्हतं, तरी तिनं त्याला आठव्या बॅटरीपर्यंत थांबवलं.

मग तिनं त्याला उरलेला गहू वाटीत दिला, कारण आलेल्या माणसाला गहू द्यावाच लागतो. तो उभ्यानं खाऊ लागला. आईच्या चाळिसाव्याला खाल्ला होता तसाच, मान खाली घालून.

"देव क्षमा करो, मावशी," तो म्हणाला.

"देवाचं देव बघेल," वेलिका म्हणाली. तिनं खिशातून पेन्सिल काढली, भिंतीवरच्या कागदावर एकोणीसवर काट मारली, शेजारी अकरा लिहिलं आणि पेन्सिल त्याच्या हातात दिली. "ही घे. आणि जा. अकरा अजून कुणाच्या तरी खिशात आहेत."